नालव्रण, पचनमार्गातील (फिस्टुला)

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या मार्गातून दुसऱ्या एखाद्या इंद्रियात किंवा थेट त्वचेवर उघडणारी अनैसर्गिक वाट. लोकांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे भगंदर. गुदमार्गातील ग्रंथीत पू होऊन गळू होते, ते फुटते किंवा फाडले जाते. पण आतले तोंड उघडेच राहिल्याने जखम भरत नाही आणि कपड्याला डाग लागत राहतात. सुश्रुतसंहितेत भगंदराचे ५ प्रकार सांगितले आहेत. क्षारसूत्राचा, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याचा, उपचार आजही केला जातो.

वाट कुठून निघते यापेक्षा कुठे उघडते, यावर लक्षणे ठरतात. मोठे आतडे मूत्राशयात उघडले, तर लघवीतून हवेचे बुडबुडे येतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हापुन्हा होतो. स्त्रियांत मध्ये गर्भाशय असल्याने हा प्रकार कमी आढळतो. मात्र अडलेल्या बाळंतपणानंतर गुदाशय आणि योनी यांच्यामध्ये वाट पडू शकते. पित्ताशयातला मोठा खडा अशाच वाटेने लहान आतड्यात उतरून त्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. सर्वांत घातक नालव्रण महारोहिणी आणि आतडे यांच्यातला. तो बहुधा पूर्वी रोहिणीवर कृत्रिम नळी बसवलेल्या रुग्णांत होतो. आधी थोडी रक्ताची उलटी होऊन थांबते, काही तासांनी किंवा दिवसांनी प्रचंड रक्तस्राव होतो. ती पहिली उलटी किरकोळ समजण्याची चूक जिवावर बेतते.

काही नालव्रण जन्मजात असतात. अन्ननलिका मध्येच तुटलेली आणि तिचा खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला, अशा बाळाच्या तोंडातून फेसाळ लाळ गळत राहते. दूध पाजताच ते ठसकते, निळे पडते. क्रोन रोग, क्षयरोग, कर्करोग, किरणोपचार आणि इजा ही पुढची कारणे. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन याच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण जठराचे छिद्र त्वचेवर उघडेच राहिले. डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्यातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून जठररसाचा अभ्यास केला आणि १८३३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

आतडे पोटाच्या त्वचेवर उघडण्याचे मुख्य कारण मात्र शस्त्रक्रिया हेच आहे : टाके सुटणे किंवा चिकटलेली आतडी सोडवताना नकळत भोक पडणे. २४ तासांत ५०० मिलिलिटरहून अधिक स्राव होत असेल, तर तो जास्त स्रावाचा नालव्रण. लहान आतड्याचा रस भोवतालची कातडी सोलवटून काढतो. पाणी, क्षार आणि प्रथिने झपाट्याने घटतात. म्हणून आधी पू काढून संसर्ग आटोक्यात आणणे, स्राव पिशवीत धरून कातडी जपणे आणि गरज पडल्यास शिरेतून पोषण देणे, हा क्रम असतो. पुढे अडथळा, कर्करोग किंवा आत राहिलेली परकी वस्तू नसेल, तर अनेक वाटा आपोआप मिटतात. न मिटल्यास शस्त्रक्रिया करतात, तीही बहुधा काही महिन्यांनी. ही थांबण्याची गोष्ट घरच्यांच्या गळी उतरवणे सर्जनला अनेकदा जड जाते. पण घाईने पोट उघडले, तर चिकटलेल्या आतड्यांना नवी भोके पडण्याचा धोका असतो.