कबरीचा सातबारा

घर विकता येते, शेत विकता येते, दुकानाची पागडी हातोहात बदलते. पण कबरीच्या जागेचे काय? ती कुणाच्या नावावर असते? बापामागे मुलाच्या नावावर चढते का? प्रश्न विचित्र वाटेल, पण माणसांनी त्यासाठी कायदे केले आहेत आणि कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या आहेत.

फ्रान्समध्ये १८०४ साली, नेपोलियनच्या राजवटीत, दफनाचा नवा कायदा झाला. पॅरिसची पेर लाशेझ ही प्रसिद्ध दफनभूमी त्याच वर्षी सुरू झाली. पैसे भरून कुटुंबासाठी जागा घेता येऊ लागली. मिळते ती मालकी नव्हे, वापराचा हक्क. तो वारसांकडे जातो, बाजारात विकता येत नाही. आणि कायमची म्हणून घेतलेली जागाही तीस वर्षांनंतर ओसाड पडलेली दिसली, तर नगरपालिका रीतसर नोटीस लावून ती परत घेऊ शकते. 'कायम' या शब्दाची सरकारदरबारी एवढीच लांबी!

आपल्याकडचे मुस्लिम कब्रस्तान बहुधा वक्फ असते. वक्फ म्हणजे थांबवणे, रोखून धरणे. जमीन एकदा अल्लाच्या नावे झाली की तिचे हस्तांतर थांबले. ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, वारसांत वाटायची नाही. मुतवल्ली हा मालक नाही, राखणदार आहे. मग कबरीवर चिरेबंदी ओटा बांधला, संगमरवरी पाटी लावली, म्हणून खालची सहा फूट जमीन आपली होते का? होत नाही. मय्यत पूर्ण माती झाली की त्याच जागी दुसऱ्याला दफन करता येते, असेच बहुतेक फकिहांचे मत आहे.

मुंबईत याचा अनुभव २०१० साली आला. जुहूच्या कब्रस्तानात जागा उरली नाही, तेव्हा मधुबाला, मोहम्मद रफी, साहिर लुधियानवी यांच्या कबरींची बांधकामे काढून नव्या दफनांसाठी जागा करण्यात आली. पुष्कळ लोक हळहळले. कवी आहे, साहिरसाठी मीही हळहळलो. पण काल रात्री वारलेल्या एखाद्या रिक्षावाल्याला जागा नाही आणि साहिरला मात्र कायमची आहे, हे साहिरलाच पटले असते असे मला वाटत नाही. रफींचे चाहते आता जवळच्या एका नारळाच्या झाडाच्या खुणेने जागा ओळखतात.

जागा राखून ठेवूनही ती मिळत नाही, याचा दाखला बादशहा बहादूरशाह जफर. दिल्लीजवळ महरौलीला, बापजाद्यांच्या कबरींशेजारी त्याने आपली जागा निवडली होती. इंग्रजांनी त्याला रंगूनला नेले. तिथे ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो वारला आणि त्याच दिवशी त्याला घाईने पुरले. कबरीचा नेमका ठाव पुढे हरवला. १९९१ साली खोदकामात ती सापडली. महरौलीची जागा रिकामीच राहिली.

खरी अडचण मात्र एकेका कबरीची नाही, सगळ्या जमिनीची आहे. जुन्या कब्रस्तानांना दानपत्र क्वचितच असते. साथ आली, गावाबाहेर कुणाला पुरले, शेजारी दुसऱ्याला पुरले, पिढ्या गेल्या. कागद कुणी केला नाही, कारण कबरी हाच कागद होता. १९१२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका खटल्यात हेच मान्य केले: दानपत्र नसले तरी वहिवाटीने कब्रस्तानची जमीन वक्फ ठरते. शंभर वर्षे हा आधार पुरला.

२०२५च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने वहिवाटीने होणारा वक्फ व्याख्येतून काढला. आधी नोंदलेले वक्फ टिकतील, पण जमीन वादात नसेल किंवा सरकारी नसेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५च्या अंतरिम आदेशात काही कलमांना स्थगिती दिली, या कलमाला दिली नाही. म्हणजे ज्या गावाने नोंद केली नाही, त्याच्या कब्रस्तानला आता कबरींची साक्ष पुरणार नाही. तेव्हा मंडळी, आपल्या गावच्या कब्रस्तानचा सातबारा एकदा काढून पाहा. मालकाच्या रकान्यात कुणाचे नाव आहे, इतर हक्कांत कब्रस्तान हा शब्द आहे का, आणि वक्फ मंडळाकडे नोंद कुठल्या साली झाली, हे तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा.