‘रॉयल हायनेस’ : १९१७ आणि १९३७ च्या दोन राजसनदा

इंग्लंडच्या राजघराण्यात ‘प्रिन्स’ हा किताब आणि ‘रॉयल हायनेस’ हे उपपद या वस्तुतः दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्याने व्यक्तीचे स्थान कळते. दुसऱ्याने तिचा उल्लेख कसा करावयाचा हे ठरते. थोरवी, उच्चता, कृपा अशा भाववाचक नामांनी श्रेष्ठांना संबोधण्याचा हा युरोपीय प्रघात व्याकरणातही शिरला आहे. स्पॅनिशमधील ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, याचेच झिजलेले रूप असून त्याचे क्रियापद अद्यापि तृतीयपुरुषीच चालते.

व्हिक्टोरिया राणीने १८६४ मध्ये हे उपपद राजाची अपत्ये व राजपुत्रांची अपत्ये यांना दिले. पुढे महायुद्धात जर्मन नात्यागोत्याचे ओझे असह्य झाले. १७ जुलै १९१७ रोजी पाचव्या जॉर्जने घराण्याचे नाव ‘विंडसर’ केले आणि ३० नोव्हेंबरच्या सनदेने अधिकाराचे वर्तुळ आखले : राजाची अपत्ये, राजपुत्रांची अपत्ये, आणि प्रिन्स ऑफ वेल्सच्या थोरल्या मुलाचा हयात असलेला थोरला मुलगा. यांनी हे उपपद सर्वकाळ धारण करावे, असा तिचा आशय आहे. वारसाहक्काची अट तीत कोठेही नाही.

ही बाब १९३७ च्या सनदेमुळे महत्त्वाची ठरते. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये राज्यत्याग केला. ११ डिसेंबरच्या रात्री नभोवाणीवरून त्याचा परिचय ‘हिज रॉयल हायनेस प्रिन्स एडवर्ड’ असाच करून देण्यात आला. म्हणजे उपपद गेले असे त्या वेळी कोणी मानले नव्हते. तथापि २७ मे १९३७ च्या सनदेने, त्याच्या विवाहाच्या अवघे सात दिवस आधी, भूमिका पालटली. हे उपपद वारसाक्रमातील व्यक्तींसाठीच आहे असे गृहीत धरून ते ड्यूकला जणू नव्याने बहाल केले गेले, परंतु पत्नीला व संततीला नाकारण्यात आले.

हे गृहीतक १९१७ च्या शब्दांशी जुळत नाही. शिवाय पत्नीला पतीचा दर्जा मिळतो, हा रूढ नियम राजदरबारानेच एप्रिल १९२३ मध्ये जाहीररीत्या उद्धृत केला होता. लेडी एलिझाबेथ बोज-लायन त्याच नियमाने ‘रॉयल हायनेस’ झाल्या, आणि १९३७ मध्ये त्याच राणीपदी होत्या! घटस्फोटितेला राजकुलाबाहेर ठेवणे हा राजकीय निर्णय होता. त्याला दिलेले कायद्याचे वस्त्र तोकडे पडले, असेच म्हणावे लागते.

ड्यूकने हा अपमान अखेरपर्यंत मानला. १९७२ मध्ये तो वारला. पत्नी १९८६ पर्यंत जगली. त्यांच्या घरातील नोकरचाकर तिला ‘हर रॉयल हायनेस’ म्हणत. राजदरबाराने ते कधीही म्हटले नाही.