अंगठ्यापासून आधारपर्यंत : थेट लाभ हस्तांतरणाचा ऐतिहासिक आढावा

शासकीय मदत नागरिकापर्यंत पोहोचविण्याच्या पद्धतीत महाराष्ट्रात अर्धशतकात मूलगामी परिवर्तन झाले. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीसारख्या अवर्षणप्रवण प्रदेशातील गावांच्या दृष्टीने या परिवर्तनाचा विचार करणे उद्बोधक ठरते.

वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव येथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यव्यापी झाली. १९७७ च्या कायद्याने तिला वैधानिक आधार मिळाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. त्या काळी मजुरी रोखीने मिळे आणि हजेरीपटावरील अंगठा हाच निरक्षर मजुराचा पुरावा असे. हजेरीपटावर काय लिहिले आहे, हे मात्र त्याला वाचता येत नसे. बनावट नोंदींना वाव मिळाला तो येथेच.

हा दोष दूर करण्यासाठी मजुरी बँक व टपाल खात्यांत जमा होऊ लागली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. १ जानेवारी २०१३ पासून निवडक जिल्ह्यांत थेट लाभ हस्तांतरण सुरू झाले, तर २०१४ च्या जनधन योजनेने खात्यांचा पाया विस्तारला. पुढे पीएम-किसान (२०१९) व लाडकी बहीण (२०२४) या योजनांची रक्कमही थेट खात्यात जमा होऊ लागली.

तथापि मध्यस्थ पूर्णतः नाहीसा झाला नाही. त्याचे स्वरूप बदलले. हजेरीपट लिहिणाऱ्याची जागा अनेक ठिकाणी सेवा केंद्राच्या चालकाने घेतली. ई-केवायसी, आधार जोडणी वा पडद्यावरील संदेश ज्याला समजत नाही, तो आजही दुसऱ्याच्या वाचण्यावर विसंबून असतो. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राने न स्वीकारणे, ही आणखी एक अडचण होय.

२०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात प्रत्येक पात्र कुटुंबातील एका व्यक्तीस २० तासांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद होती. परंतु वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे होती. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मात्र ६५ वर्षे व त्यावरील निराधारांसाठी आहे. म्हणजेच ज्यांचा उदरनिर्वाह खात्यातील रकमेवर अवलंबून आहे, तेच या प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले.

सारांश, पूर्वी अंगठा निरक्षरतेची खूण होता, आज तो ओळखीचा पुरावा झाला आहे. परंतु आपल्या नावावर काय नोंदले गेले, हे लाभार्थ्याला स्वतः वाचता येणे, ही रोजगार हमीच्या काळातील गरज अद्याप कायम आहे.