पाण्याचे विरजण

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हट्टापायी पुष्कळ घरांत काचेची मत्स्यपेटी येते. तळाशी रंगीत खडे, वर दिवा, आणि पाणी तर आरशासारखे! सारे घर पेटीभोवती गोळा होते. आठवडा उलटतो न उलटतो तोच एखादा मासा पोट वर करून तरंगू लागतो. “सर, पाणी तर स्वच्छ होते, मग तो मेला कसा?” हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. त्याचे उत्तर रसायनशास्त्राचे. परंतु मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गोष्टी लिहिणारा मास्तर. तेव्हा मी ते गोष्टीच्या वाटेने सांगतो. आणि ही गोष्ट एका बापलेकांची आहे.

लंडनमधल्या औषधविक्यांच्या संघाच्या वास्तूत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनज्ञ राहत असे. १८४९ च्या मे महिन्यात त्याने सुमारे १२ गॅलनांचे काचपात्र झऱ्याच्या पाण्याने निम्मे भरले, तळाशी वाळू व खडे घातले, पाणवनस्पती लावली आणि दोन सोनेरी मासे सोडले. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो परत देते. तेव्हा दोघांचा संसार चालावा, असा त्याचा हिशेब. पण जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. मग त्याने पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. मार्च १८५० मध्ये त्याने हा वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढे वाचला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला.

वॉरिंग्टनच्या हिशेबात मात्र एक भिडू मोजायचा राहिला होता. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. गोठ्यात नाकाला झोंबतो तोच हा अमोनिया. पाण्यात विरघळला की तो दिसत नाही, पण माशाला विषासारखा बाधतो. वनस्पती त्यातला थोडाफार शोषून घेते. मग बाकीचा जातो कोठे?

याचे उत्तर पॅरिसमध्ये सापडले, आणि तेही सांडपाण्यात! १८७७ साली श्लोझिंग व म्युंत्झ या दोघांनी एका काचनळीत वाळू व चुनखडी भरून तीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. जुन्या गोठ्यांच्या मातीतून काढीत तो सोरा म्हणजे नायट्रेटच. फटाक्याच्या दारूतही तोच असतो. नुसत्या रसायनाचे काम असते तर वीस दिवस थांबावे का लागले? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि काम बंद पडले. पुढे माती कालवलेले पाणी ओतले, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे काम करणारा जिवंत होता!

ही वार्ता इंग्लंडात ज्याने उचलून धरली, तो वॉरिंग्टनचाच मुलगा. त्याचेही नाव रॉबर्ट. बापाने काचपात्र मांडले तेव्हा हा दहा वर्षांचा होता. रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत त्याने वर्षानुवर्षे मातीशी झटून दाखवून दिले, की हे काम दोन टप्प्यांत होते: एक जंतू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट. पण हे जंतू वेगळे काढणे काही त्याला साधले नाही. ते यश १८९० साली झुरिकमध्ये विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. इतर जंतूंना मानवणारे सकस खाद्य या जंतूंना नकोच असते, हे त्याने ओळखले होते.

बाप १८६७ सालीच वारला होता. आपल्या काचपात्रातल्या वाळूखड्यांवर कोणी बिनबोभाट राबत होते, हे त्याला कधी कळले नाही. लेकाने ज्यांचा माग मातीत काढला, तीच ही मंडळी. यानंतरही हिशेब पुरता मिटला नाहीच. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे सारे काम एकटाच करणारा जंतू २०१५ साली जगापुढे आला!

आता त्या मेलेल्या माशाचे उत्तर देतो. नव्या पेटीत ही मंडळी पुरेशी नसतात आणि त्यांची वाढ सावकाश होते. चार ते सहा आठवडे सहज लागतात. तोवर आधी अमोनिया वाढतो, मागून नायट्राइट. नायट्राइटने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो गुदमरतो. पाणी मात्र तितकेच नितळ दिसत राहते.

म्हणून यंदा पेटी आणलीत तर मासे महिनाभर दुकानातच राहू द्या. पाण्यातले क्लोरीन घालवा, हवेचा पंप व गाळणी चालू ठेवा आणि रोज खाद्याची एक चिमूट टाका, म्हणजे तिच्यापासून अमोनिया होईल. शेजाऱ्याच्या जुन्या, निरोगी पेटीतल्या गाळणीचा स्पंजाचा तुकडा मिळाला तर फारच उत्तम; दुधाला लावतो तसे ते विरजणच होय. तपासणीच्या संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दाखवले, की थोडे पाणी बदलून एक-दोन मासे सोडा. पुढे गाळणी धुवायची ती पेटीतून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धरलीत तर क्लोरीन विरजणाचाच जीव घेईल.

मुले कुरकुरतील, “नुसत्या पाण्याकडे काय बघायचे?” त्यांना ही बापलेकांची गोष्ट सांगा. महिना बघताबघता सरेल.