तटस्थ तारेचा हिशेब : अमेरिकेतील निवासी विद्युतभार-गणनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

एका कुटुंबाच्या घराला किती अँपिअरची वीजजोडणी द्यावी, हा प्रश्न वरकरणी निव्वळ अभियांत्रिकीचा वाटतो. अमेरिकेत नॅशनल इलेक्ट्रिकल कोड या संहितेची पहिली आवृत्ती १८९७ मध्ये सिद्ध झाली. तेव्हापासून या प्रश्नाचे जे उत्तर घडत गेले, त्यात भौतिकशास्त्राइतकाच तांब्याचा भाव, आगीची भीती आणि घरातील माणसांच्या सवयी यांचाही वाटा आहे. प्रस्तुत लेखात तटस्थ तारेच्या, म्हणजे न्यूट्रलच्या, गणनेचा विशेष विचार केला आहे. कारण काटकसर आणि सुरक्षितता यांतील ताण या एका तारेत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही.

तीन तारांची योजना

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज एकदिश होती आणि दाब सुमारे ११० व्होल्ट. इतक्या कमी दाबाने वीज न्यायची तर तांब्याच्या जाड तारा लागत, आणि केंद्रापासून थोडे दूर जाताच खर्च आवाक्याबाहेर जाई. यावरचा उपाय म्हणजे तीन तारांची पद्धत. एडिसनला तिचे पेटंट २० मार्च १८८३ रोजी मिळाले. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सनने हीच कल्पना स्वतंत्रपणे १८८२ मध्ये मांडली होती. दोन जनित्रे एकसरीत जोडली की बाहेरच्या दोन तारांत २२० व्होल्ट आणि मधली तार व प्रत्येक बाहेरची तार यांत ११० व्होल्ट मिळतात. दोन्ही बाजूंचे दिवे सारखे असतील तर मधल्या तारेतून काहीच वाहत नाही. कमीजास्त असतील तर केवळ फरकाएवढी धारा वाहते. तिन्ही तारा सारख्या जाडीच्या घेतल्या तरी दोन तारांच्या पद्धतीच्या तुलनेत ३७.५ टक्केच तांबे पुरते. जुलै १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील सनबरी येथे ही पद्धत प्रत्यक्षात आली.

पुढे प्रत्यावर्ती वीज आली, एकदिश पुरवठा मागे पडला. पण घराच्या दारापर्यंतची रचना तीच राहिली. आजच्या अमेरिकी घरात रोहित्राच्या मध्यबिंदूपासून निघालेली तटस्थ तार आणि तिच्या दोन्ही बाजूंना १२० व्होल्ट असतात. १९१३ मध्ये संहितेने अशा निवासी पुरवठ्याच्या तटस्थ तारेला भूसंपर्क सक्तीचा केला. भारतातील २३० व्होल्टच्या एकेरी फेजच्या घरात तटस्थ तार फेजइतकीच धारा वाहते, त्यामुळे तिचा वेगळा हिशेब संभवत नाही. अमेरिकी घरात तो संभवतो, आणि म्हणूनच त्यात काटछाट करण्याचा मोहही संभवतो.

सवयींचे गणित

घरातील सर्व उपकरणे एकाच क्षणी चालत नाहीत, या साध्या निरीक्षणाला व्यापारी मोल आहे हे शिकागोच्या सॅम्युअल इन्सलने ओळखले. १८९४ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे त्याने कमाल मागणी मोजणारे मीटर पाहिले होते. ग्राहकांच्या मागण्यांचे शिखर वेगवेगळ्या वेळी येते, त्यामुळे सामाईक शिखर त्यांच्या बेरजेपेक्षा पुष्कळच कमी असते, हा त्याच्या धंद्याचा पाया होता. संहितेतील मागणी-गुणक हे याच विचाराचे घरापुरते रूप म्हणता येईल.

२०२३ च्या आवृत्तीतील नियमांनुसार २,००० चौरस फुटांच्या घराचे उदाहरण घेता येईल. दर चौरस फुटास ३ व्होल्ट-अँपिअर याप्रमाणे दिव्यांचे ६,०००, स्वयंपाकघरातील लहान उपकरणांच्या दोन मंडलांचे ३,०००, धुलाईचे १,५००, एकूण १०,५००. यातील पहिले ३,००० पूर्ण आणि उरलेल्याचे ३५ टक्के धरले की ५,६२५ उरतात. भट्टीसह असलेली १२ किलोवॅटची विजेची शेगडी ८ किलोवॅट समजली जाते. कपडे वाळवण्याच्या यंत्राचे ५,००० आणि पाणी तापवण्याचे ४,५०० मिळवले की २३,१२५ होतात. २४० ने भागता सुमारे ९६ अँपिअर. सर्व उपकरणांची सरळ बेरीज केली असती तर हाच आकडा १३३ आला असता.

तटस्थ तारेसाठी मात्र हिशेब बदलतो. पाणी तापवण्याचे यंत्र केवळ २४० व्होल्टवर चालते, म्हणून ते वगळायचे. शेगडी आणि वाळवणी यंत्र यांचे ७० टक्के धरायचे, कारण त्यांतील दिवा, घड्याळ, मोटर यांसारखे काही भागच १२० व्होल्टवर चालतात. (जुन्या शेगड्यांत मंद आचेसाठीही १२० व्होल्ट वापरत, हा गुणक त्या काळाची आठवण देतो.) बेरीज १४,७२५, म्हणजे सुमारे ६१ अँपिअर. हा भार दोन्ही बाजूंत समान वाटला आणि एक बाजू पूर्ण बंद पडली, तर मधल्या तारेवर येणारी ही धारा होय. हे ३५ आणि ७० टक्के निसर्गनियम नव्हेत. घर कसे वागते याविषयी समित्यांनी मान्य केलेली ती गृहीतके आहेत.

काटकसरीची किंमत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांब्याची टंचाई इतकी झाली की १९४३ चे एक सेंटचे नाणे पोलादाचे पाडले गेले. त्याच काळात संहितेने शेगडीची धातूची चौकट वेगळ्या भूसंपर्क तारेऐवजी तटस्थ तारेलाच जोडण्याची मुभा दिली. पुढे वाळवणी यंत्रालाही ती लागू झाली. येथे एकाच तारेवर दोन कामे आली : असमतोल धारा परत नेणे आणि माणसाला धक्क्यापासून वाचवणे. ती तार उपकरणाजवळ तुटली तर दिव्यातून वा घड्याळातून आलेला १२० व्होल्टचा दाब थेट चौकटीवर येतो, आणि ओल्या हाताने शेगडीला स्पर्श करणाऱ्यास याची कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही.

घराची मुख्य तटस्थ तार तुटली तर प्रकार निराळा घडतो. समजा, एका बाजूस १२ ओहम आणि दुसरीस ४८ ओहमचा भार आहे. मधला आधार गेल्यावर दोन्ही भार एकसरीत येतात आणि २४० व्होल्ट त्यांच्यात ४८ व १९२ असे वाटले जातात. म्हणजे ज्या बाजूस भार कमी, तिथलीच उपकरणे जळतात. तटस्थ तारेला कमी धारा वाहावी लागते म्हणून ती कमी महत्त्वाची, हा समज येथे उघडा पडतो.

टंचाईची ही सवलत युद्धानंतर पाच दशके टिकली. १९९६ च्या आवृत्तीने नव्या मंडलांसाठी ती काढून घेतली आणि चौथी, स्वतंत्र भूसंपर्क तार अनिवार्य केली. जुन्या घरांतील तीन तारांच्या जोडण्या मात्र काही अटींवर कायम राहू शकतात. त्यामुळे अशा घरात नवे वाळवणी यंत्र आणले की त्याची चौकट तटस्थ तारेशी जोडणारी पट्टी ठेवायची की काढायची, हे भिंतीतील खोबणीला तीन छिद्रे आहेत की चार, हे पाहूनच ठरवावे लागते.