ट्रामच्या वेगाने मुंबई

मे 1958. तुम्ही दादर टी.टी.ला उभे आहात. एका हाताला पाच वर्षांची धाकटी, दुसऱ्या हाताला आठ वर्षांचा थोरला. ड्रायव्हर पायाने घंटा ठणठणवतो, तारेला टेकलेला दांडा करकरतो आणि ट्राम समोर येऊन थांबते. कुठे बसायचं हे विचारायची सोयच नाही. दोघंही जिना चढून वर पोचलेली असतात. दुमजली ट्राम मुंबईत 1920 पासून धावते आहे, पण तुमच्या मुलांना ती आज सकाळीच त्यांच्यासाठी आणून ठेवल्यासारखी वाटते.

“आई, वडापाव घे ना,” थोरला म्हणतो. इथे मात्र इलाज नाही. बटाटेवडा मिळतो, पाव तर गल्लोगल्ली मिळतो, पण दोघांची गाठ अजून पडायची आहे. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य वडापाव विकू लागतील ते 1966 मध्ये. तूर्तास त्याच्या हातात केळं द्या आणि कंडक्टरला पैसे काढून द्या. मोड हाताशी घेताना जरा बघून घ्या: गेल्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले आहेत, जुने आणेही अजून चालतात. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे हे सोपं. एक आणा म्हणजे सव्वासहा, त्यामुळे सुट्ट्यावरून दुकानादुकानात हुज्जत चालू आहे. थोरल्याला हा हिशेब भारी आवडतो. दिवसभराची मोड त्याच्याकडेच सोपवा.

लहान मुलांना घेऊन ही मुंबई बघायची तर ट्रामनेच, असं माझं ठाम मत आहे. टॅक्सीतून पोरांना काहीच दिसत नाही, लोकलमध्ये त्यांना सांभाळण्यातच आपला जीव जातो. ट्राम इतकी सावकाश जाते की मूल बोट दाखवून “ते काय?” म्हणेपर्यंत ते ‘ते’ अजून समोरच असतं. परळ, लालबाग, गिरण्यांच्या चिमण्या, पाळीवरून सुटलेले कामगार, डोक्यावर पाटी घेऊन निघालेली कोळीण. भिंतीवरची मोठाली अक्षरं थोरला जुळवत जातो: “मुंबईसह… संयुक्त… महाराष्ट्र… झालाच पाहिजे.” मग विचारतो, “झाला का?” अजून नाही, दोन वर्षं आहेत, असं त्याच्या कानात सांगा. वरच्या मजल्यावर बसलेल्या कुणाला ऐकू जाऊ देऊ नका. या लोकांनी त्यासाठी माणसं गमावली आहेत.

राणीच्या बागेशी उतरा. इथे हत्तीवर बसून फेरी मारता येते आणि ती मारल्याशिवाय तुमची सुटका नाही. धाकटी आधी रडेल, मग उतरायला तयार होणार नाही. पण जिवंत हत्तीनंतर त्यांना दगडी हत्तीपाशी न्यायला विसरू नका. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला आणि उचलताना तो फुटला. तुकडे इथेच राहिले, पुढे 1914 मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. मुलांना लढाया आणि सनावळ्या कळत नाहीत, पण मोडलेली वस्तू पुन्हा जोडली हे त्यांना लगेच कळतं. धाकटी दगडावर हात फिरवून सांधे शोधत बसते. बसू द्या. बागेतलं वस्तुसंग्रहालय राहिलं तरी चालेल.

पुन्हा ट्राम, आणि क्रॉफर्ड मार्केट. मे महिन्यात इथला वास दारात शिरायच्या आधीच गाठतो. आत पेंढ्यात निजवलेले हापूस, पेट्यांवर पेट्या. गाळेवाला एक फळ उचलून थेट धाकटीच्या नाकाशी धरतो, देठाकडची बाजू पुढे. ती डोळे मिटते. भावाची घासाघीस आता तुम्ही हरलात हे त्यालाही ठाऊक आहे. एक डझन घ्या, पाटीवाला करा, आणि पुढे धोबीतलावपर्यंत चालतच जा. तिथे 1904 पासूनचं कयानी आहे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन मस्का. कडक ब्रुन धाकटीच्या दातांना जमणार नाही. चहात बुडवून द्या. थोरल्याला मावा केक.

जेवायला मात्र गिरगाव गाठायचं. खोताच्या वाडीत, लाकडी जिन्यांच्या आणि कौलारू घरांच्या मधे, अनंताश्रम. गोमंतकी जेवण, गप्पा मारत बसायची जागा नव्हे. बाहेर लोक खोळंबलेले असतात. मुलं बरोबर असली की बांगडा मागवू नका, काटे वेचता वेचता भात निवतो. सुरमई मागवा. तुकडीच्या मधला गोल मणका अंगठ्याने अलगद दाबला की मांस बाजूला सुटतं. पोटाकडचे दोनचार काटे बोटांनी चाचपून काढायचे, मग पांढरा तुकडा कालवणाच्या भातात कुस्करून घास करायचा. प्रत्येक घास आधी आपल्या दोन बोटांतून फिरतो. ताटात आपल्यासाठी काय उरलं हे शेवटी कळतं. वर वाटीभर सोलकढी. तिचा गुलाबी रंग बघून धाकटी ती सरबत समजून पिते, लसूण लागताच थबकते, आणि मग वाटी पुढे करते.

गिरगावात कुणाची ना कुणाची मावशी असतेच. तुमचीही आहे, दुसऱ्या मजल्यावर, दीड खोलीत. दुपारची मुलं तिथे टाका. ‘टाका’ हाच शब्द बरोबर आहे, कारण पाच मिनिटांत ती तुमची राहत नाहीत, गॅलरीची होतात. या चाळीतल्या प्रत्येक पोराच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. तुमच्या मुलांचे दंड कोरे पाहून मावशी चरकते. तिने त्या रोगाने माणसं गेलेली पाहिली आहेत. तो रोग पुढे जगातूनच जाणार आहे, हे तिला कसं सांगावं हे तुम्हाला सुचत नाही.

ऊन उतरल्यावर चर्नी रोडच्या पुलावरून पलीकडे. तारापोरवाला मत्स्यालय उघडून उणीपुरी सात वर्षं झाली आहेत, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते उद्घाटनाला. दुपारी ताटात पाहिलेले मासे काचेपलीकडे पोहताना बघून थोरला गप्प होतो. त्याला काही समजावू नका. तिथून चौपाटी चालायच्या अंतरावर. समुद्र मोकळा आहे. नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहायचेत, तिथे आज पाणीच आहे.

भेळवाल्याचे हात बघा. कुरमुरे, शेव, चुरलेली पुरी, बटाटा, कांदा, आणि मे असल्याने कैरीच्या बारीक फोडी. मुलांसाठी “तिखट नको, नुसती गोड चटणी” म्हटलं की तो चिंचगुळाचं पातेलं ओढतो, चटणी वरून धरतो आणि कुरमुरे मऊ पडायच्या आत पळीने दोन गिरक्यांत सगळं एकजीव करतो. चमचा नाही, कडक पुरीनेच खायचं, आणि शेवटी चमचाही खाऊन टाकायचा. हा शोध धाकटीला हत्तीपेक्षा मोठा वाटतो. मग कुल्फी. पत्र्याच्या साच्याच्या तोंडावरची कणीक काढून कुल्फीवाला साचा तळव्यांत घोळवतो आणि पानावर उलटा करतो. थोरल्याकडचे पैसे इथे संपतात.

आज बुधवार आहे, त्यामुळे आठाच्या आत चाळीत परतायलाच हवं. मजल्यावर रेडिओ एकच, पण रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की दारं सगळ्यांची उघडी. हापूस कापले जातात ते तेव्हाच. तुमच्या डझनातले किती फोडी होऊन कुठल्या कुठल्या खोलीत गेले ते मोजू नका. गॅलरीत सतरंज्या पडतात, मुलं दुसऱ्यांच्या मुलांत मिसळून आडवी होतात, आणि तुम्ही मावशीला उद्याचा बेत सांगता: सकाळी मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, मग गेटवेहून लाँचने घारापुरी.

“उलटं करा,” मावशी म्हणते. “आधी घारापुरी, बूट संध्याकाळी. दुपारी वारा सुटतो, लाँच हलते. पोरांना मधल्या बाकावर बसवा, आणि धाकटीच्या तोंडात आवळासुपारी ठेवा. देते मी बांधून. आणि हे बघ, पाणी पहाटे साडेचारला येतं. तुझी बादली आताच नळाखाली लावून ठेव.”