एका नाण्यावरच्या दोन षष्ठी : नाण्यांचा इतिहास आणि विद्यार्थ्यांचे बहुमाध्यम प्रकल्प

मराठीच्या विद्यार्थ्यांना नाण्यांच्या इतिहासावर बहुमाध्यम प्रकल्प करावयास सांगितले, की बहुतेक वेळा हाती येते ती एक चित्रमालिका. आहत नाण्यांपासून आरंभ, मग सातवाहन, यादव, शिवराई, कंपनीचा रुपया आणि शेवटी १ एप्रिल १९५७ रोजी आलेली दशमान पद्धती. पार्श्वभूमीला सनई किंवा नगारा आणि कुठल्याशा पुस्तकातून उतरलेले निवेदन. अशा प्रकल्पातील माहिती चुकीची असतेच असे नाही. परंतु त्यात नाणे कोणी वाचलेले नसते. ते शोभेपुरते येते आणि पुढच्या चित्राला जागा करून देते. आमच्या मते प्रकल्पाचा व्याप कमी केला, तरच त्यात इतिहास शिरू शकतो. अडीच हजार वर्षांऐवजी एकच निधी घ्यावा आणि जमल्यास त्यातील एकच नाणे. यासाठी जोगलटेंभीच्या निधीइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा निधी सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सारी नाणी मूळची क्षहरात वंशातील नहपानाची. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर मात्र गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. नाणी वितळवून नवी पाडली नव्हती. होत्या त्याच चकत्यांवर नवे ठसे मारले होते.

मूळ नाण्याच्या एका बाजूस राजाचे मस्तक व भोवती ग्रीक लिपीतील लेख, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. दोन ग्रॅमच्या आसपास वजनाच्या चकतीवर तीन लिप्या नांदत होत्या. त्यांच्यावर सातकर्णीचा तीन कमानींचा डोंगर, त्याखालची नागमोडी रेघ आणि दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह येऊन बसले. जुने पुरते पुसले गेले नाही. डोंगराच्या कडेला नहपानाचे नाक वा हनुवटी अजूनही दिसते. वज्राच्या टोकाशेजारी जुनी अक्षरे डोकावतात.

साहित्याचा विद्यार्थी या नाण्याकडे वळतो तो येथे. नहपानाचा ब्राह्मी लेख 'राञो क्षहरातस नहपानस' असा आहे. म्हणजे 'राजा क्षहरात नहपानाचे'. यात क्रियापद नाही. षष्ठीचा संबंध ज्या नामाशी जोडायचा, ते नामही नाही. ते नाम म्हणजे हातात धरलेली वस्तूच. वाचणाऱ्याने नाणे धरले, की वाक्य पुरे होते. सातकर्णीचा लेखही त्याच घडणीचा आहे : 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'. एकाच चांदीवर दोन षष्ठी एकमेकींवर चढल्या आहेत आणि दोघीही 'हे माझे' म्हणत आहेत. सत्तांतराचा याहून नेमका मजकूर आम्हांस तरी ठाऊक नाही.

बहुमाध्यमाचे खरे काम येथे सुरू होते. छापील पानावर असे नाणे म्हणजे करडा गोंधळ. पण प्रकाश एकाच बाजूने, अगदी तिरका टाकून चार दिशांनी चार छायाचित्रे घेतली, तर प्रत्येक चित्रात वेगळ्या रेषा उठून दिसतात. विद्यार्थ्यांनी खालच्या ठशाच्या रेषा एका रंगात व वरच्या ठशाच्या दुसऱ्या रंगात गिरवाव्यात, आणि मग पडद्यावर एकेक थर काढून व चढवून दाखवावा. वरचा ठसा सरळ धरला की खालचे मस्तक बहुधा आडवे वा उलटे पडते, म्हणून चित्र फिरवावेही लागते. निवेदकाने दोन्ही लेख मोठ्याने, प्राकृतातच वाचावेत. प्रत्यक्ष नाणे हाती नसेल, तर संग्रहालयाने प्रसिद्ध केलेल्या उत्तम छायाचित्रावरही यातील पुष्कळसे काम होते.

अडचण निवेदन लिहिताना येते. या माध्यमात रिकामी जागा खटकते. ती भरण्यासाठी विद्यार्थी नगारे वाजवितात, घोडे दौडवितात आणि 'विजयी सम्राटाने शत्रूचे नाव मिटविण्याची प्रतिज्ञा केली' असे वाक्य घालतात. यापैकी काहीही नाण्यावर नाही. म्हणून निवेदनातील प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण करावी, असे आम्ही सुचवितो : नाण्यावर दिसते, अन्यत्र लिहिलेले आहे, किंवा आमचे अनुमान आहे. ज्या वाक्याला यांतील एकही खूण लागत नाही, ते कितीही श्रवणीय असले तरी गाळावे.

कालरेषेचेही तसेच. संगणकाला एक वर्ष हवे असते आणि नहपानाच्या नाण्यावर वर्ष नाही. त्याच्या काळच्या शिलालेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शककालगणनेतील मानली, तर इसवी सन ११९ ते १२४ हा काळ येतो. पण ती त्याच्या राज्यारोहणापासूनची आहेत असे मानणारेही अभ्यासक आहेत. अशा ठिकाणी कालरेषेवर टिंब न देता पट्टा काढावा आणि दोन्ही मते त्यावर नोंदवावीत. विद्यार्थ्याला हा कमीपणा वाटतो. तो कमीपणा नव्हे, हे पटवून देणे शिक्षकाचे काम आहे.

'अन्यत्र लिहिलेले' म्हणजे काय, हे पाहण्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने दान दिलेल्या ३,००० काहापणांपैकी २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद तेथे आहे. नाणे तेथे ठेव होते, व्याज होते, भिक्षूंचे वस्त्र होते. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा लेख आहे. आजवर उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत त्याने भिक्षूंना दिले. नाण्यावर जे घडले, तेच येथे जमिनीच्या बाबतीत घडलेले दिसते : वस्तू तीच, षष्ठी बदलली.

त्याच लेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमी बलश्रीने कोरविलेली प्रशस्तीही आहे. आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे ती सांगते. पुत्राची थोरवी गाणाऱ्या मातेचा हा स्वर आहे आणि प्रशस्ती कशी वाचावी, हे आपला विद्यार्थी काव्यशास्त्रातून शिकलेला असतो. नाणे त्या स्वराला दुजोरा देते, पण त्याला मर्यादाही घालते. वंश संपला असेल. नाव पूर्ण पुसले गेले नाही. सुमारे चार हजार नाण्यांवर तर नवा ठसा बसलाही नव्हता, आणि ज्यांवर बसला त्यांतही जुना राजा अधूनमधून दिसत राहिला.

निधी कोणी पुरला, का पुरला, परत न्यायला कोणी का आले नाही, याचे उत्तर ना नाण्यांत आहे, ना लेण्यांत. चांगला प्रकल्प त्या जागी चित्र काळे करून क्षणभर गप्प बसेल. आजच्या यंत्रांना सांगितले, तर ती तो पुरणारा माणूस, त्याचा चेहरा आणि त्याचे अश्रूही क्षणात तयार करून देतात. म्हणूनच हे गप्प बसणे विद्यार्थ्याच्या हातून स्वेच्छेने घडले पाहिजे. जो हे शिकला, तो उद्या कवितेतल्या गाळलेल्या जागेतही स्वतःचे शब्द कोंबणार नाही.